चकली गाभण आहे : गिनीपिगचं बाळंतपण आणि दुखणी

आमच्या घरी दोन गिनीपिग आले ते "दोघी बहिणी आहेत, काही टेन्शन नाही" या दुकानदाराच्या खात्रीवर. लेकीने एकीचं नाव ठेवलं चकली, कारण तिच्या अंगावरच्या केसांना भोवरेच भोवरे आहेत. दुसरीचं नाव बटाटा, कारण दिसायला अगदी बटाटाच. दीडेक महिन्याने चकलीचं पोट दोन्ही बाजूंनी बाहेर आलं. वरून पाहिलं तर भरताचं वांगं. मग बटाट्याला उताणं करून नीट बघितलं तेव्हा उलगडा झाला : ही बहीण नव्हे, चकलीचा नवरा.

हा घोळ सर्रास होतो. लहान वयात गिनीपिगचे नर-मादी वरवर सारखेच दिसतात. मादीच्या जागी रोमन 'वाय' अक्षरासारखी घडी असते, नराच्या जागी टिंब आणि खाली रेघ. हलकेच दाबल्यावर नराचं लिंग बाहेर येतं. पण पिंजऱ्यात वीस पिल्लं कोंबलेली असताना हे कोण बघत बसतो? त्यात मादी जेमतेम चार ते सहा आठवड्यांची झाली की माजावर येऊ शकते. म्हणजे दुकानातून एकटं पिल्लू आणलं तरी ते आधीच गाभण असू शकतं.

नावाचा गोंधळ आधी निस्तरू. गिनीपिग ना डुक्कर, ना गिनी देशाचा. हा कुरतडणारा प्राणी, उंदराचा लांबचा नातलग. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात हजारो वर्षांपूर्वी माणसाने तो पाळायला घेतला, खाण्यासाठी. पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोरमध्ये त्याला 'कुई' म्हणतात आणि आजही आवडीने खातात. सोळाव्या शतकात तो जहाजांतून युरोपात गेला आणि तिथे लाडका झाला. पेरू देशाच्या या पाहुण्याला आपल्याकडचं पेरूचं फळ फार मानवतं. त्याचं कारण पुढे येईलच.

मुद्दा बाळंतपणाचा. उंदीर तीन आठवड्यांत वितो, हॅमस्टर १६ दिवसांत, ससा महिन्याभरात. गिनीपिग गाभण राहतो ५९ ते ७२ दिवस. पोटात पिल्लं जास्त असतील तर दिवस थोडे कमी, एकच असेल तर जास्त. कुत्री साधारण ६३ दिवसांत विते. म्हणजे पाऊण-एक किलोचा हा जीव कुत्रीइतके दिवस पोट वागवतो. एवढ्या वेळात पोटात काय शिजतं? पूर्ण तयार पिल्लू. उंदराची पिल्लं गुलाबी, आंधळी, बिनकेसांची जन्मतात आणि उरलेली वाढ बाहेर करतात. गिनीपिगचं पिल्लू अंगभर केस, उघडे डोळे आणि पक्के दात घेऊन येतं. दुधाचे दात तर ते आईच्या पोटातच टाकून मोकळं होतं. तासाभरात ते पिंजराभर पळतं आणि पहिल्या दिवशीच गवताची काडी तोंडात धरतं. शेळीचं करडू जसं जन्मल्याबरोबर उभं राहतं, तसंच.

अँडीजच्या गवताळ माळावर हे फायद्याचं. बीळ खणायचं नाही, घरटं करायचं नाही, पिल्लं पहिल्या दिवसापासून पळायला तयार. पण त्याची किंमत आई भरते. हिशेब करून बघा. एक पिल्लू ६० ते १०० ग्रॅमचं. ८५० ग्रॅमच्या मादीच्या पोटात ९० ग्रॅमची तीन पिल्लं म्हणजे २७० ग्रॅम, तिच्या वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. ५५ किलोच्या बाईला हेच माप लावलं तर पोटात सतरा-अठरा किलोचं बाळ होईल. वार आणि पाणी वेगळंच. गिनीपिगच्या बाळंतपणात जे जे बिघडतं, त्यातलं बरंचसं या एका हिशेबातून निघतं.

पहिली अडचण वाटेची. एवढं डोकं बाहेर यायचं कुठून? ओटीपोटाखाली कटीची दोन हाडं समोरासमोर येतात, आणि त्यांच्या मधे कूर्चेचा सांधा असतो. विण्याआधी रिलॅक्सिन नावाच्या संप्रेरकाने हा सांधा सैल पडतो आणि शेवटच्या दोन दिवसांत हाडांमधे सुमारे दीड सेंटिमीटरची फट पडते. बोट ठेवलं तर जाणवते. "आता झालंच" असं सांगणारी ही सर्वांत भरवशाची खूण, पण ती डॉक्टरांना बघू द्यावी. हौसेने पोट चाचपू नये. मादी पहिल्यांदा विण्याआधी सहा-सात महिन्यांची होऊन गेली असेल तर हा सांधा पुरेसा उघडत नाही, असं पशुवैद्यकाच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं. अशी मादी अडली की सिझेरियन हाच मार्ग, आणि एवढ्याशा जिवाला भूल देणं जोखमीचं. काही जाणकार वयाइतकाच दोष वाढलेल्या चरबीलाही देतात. ते काही असो, मोठ्या वयाची न व्यायलेली मादी नराजवळ सोडायची नाही, यावर सगळ्यांचं एकमत आहे. आणि याचा अर्थ "मग लवकर फळवून घ्या" असा कुणी काढू नये. लवकर व्यायलेल्या मादीलाही पुढच्या अडचणी आहेतच.

दुसरी अडचण पोटातल्या जागेची, आणि ती जास्त फसवी. शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा आहे : पोटात जुळी-तिळी, दिवस भरत आलेले, आणि अचानक शेळी चारा सोडून बसते. गिनीपिगमध्ये तेच घडतं. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत पिल्लांनी पोट व्यापलेलं, आतड्यांना जागा नाही, त्यामुळे खाणं कमी. इकडे पिल्लांना साखर तर सतत हवी. मग शरीर साठवलेली चरबी फोडायला लागतं. ती इतक्या वेगाने यकृतावर येऊन आदळते की यकृताला झेपत नाही, आणि रक्तात कीटोन नावाची आम्लं साचतात. डॉक्टर याला प्रेग्नन्सी टॉक्सिमिया म्हणतात. मादी कोपऱ्यात गप्प बसते, आवडती कोथिंबीरही हुंगून सोडते, तोंडाला नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास येतो, पुढे अंगाला झटके. इथपर्यंत गेलं की एक-दोन दिवसांत खेळ आटोपू शकतो आणि उपचारांनाही यश कमीच येतं. विल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यातही हे होऊ शकतं.

म्हणून सगळा भर टाळण्यावर. लठ्ठ माद्यांना हा धोका सर्वांत जास्त, पण लठ्ठपणा गाभणपणात उतरवायला जाऊ नका. तेव्हा उपास घडवणं म्हणजे आगीत तेल. सुकं गवत चोवीस तास समोर हवं. शेवटच्या दिवसांत खाणं बदलू नका, पिंजऱ्याची जागा हलवू नका, पाहुण्यांच्या मुलांच्या हातात देऊ नका. उचलायची वेळ आलीच तर छातीखाली एक हात आणि मागच्या पायांखाली दुसरा. पोटावर दाब नको. आम्ही चकलीला उचलायचंच बंद केलं. एक खोका आडवा ठेवायचा, ती आत शिरली की खोक्यासकट वजनकाट्यावर.

दिवसाआड वजन का करायचं, तर शेवटपर्यंत ते चढतं राहिलं पाहिजे. वाढ थांबली किंवा काटा उतरला की ती फोन करायची वेळ. हा शिकारी प्राण्यांचं भक्ष्य असलेला जीव आहे, आजारी दिसणं त्याला परवडत नाही. आपल्याला डोळ्यांनी आजार दिसतो तोवर उशीर झालेला असतो. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा त्याआधी सांगतो.

आपल्याकडे आणखी एक भर पडते ती उन्हाची. गिनीपिगला १८ ते २४ अंश मानवतात. २७-२८ च्या पुढे त्याला त्रास व्हायला लागतो, कारण त्याला घाम येत नाही आणि कुत्र्यासारखं धापा टाकून अंगही थंड करता येत नाही. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात तो पत्र्याखालच्या गॅलरीत ठेवणं म्हणजे क्रूरपणा आहे, दुसरा शब्द नाही. गाभण मादी अशा उन्हात सगळ्यांत आधी कोसळते. आतल्या खोलीत, जमिनीवर, फडक्यात गुंडाळलेली गोठवलेल्या पाण्याची बाटली शेजारी ठेवून दुपार काढावी. कूलर असेल तर हवेचा झोत थेट अंगावर नको.

विणं सगळं सुरळीत असेल तर अर्ध्या-पाऊण तासाचा मामला. घरटं वगैरे ती करत नाही. उकिडवी बसते, कळ येते, मान पोटाखाली घालून पिल्लू दातांनी अलगद ओढून घेते, पडदा फाडते, चाटून कोरडं करते आणि पुढच्याला लागते. मधे पाच-दहा मिनिटं. वार खाऊन टाकते. ते बघून घाबरू नका, गाईम्हशींतही हे होतंच. सहसा दोन ते चार पिल्लं, कधी एक, कधी सहा. आपलं काम दूर बसून घड्याळ बघायचं. वीस मिनिटं जोर लावूनही पिल्लू दिसत नसेल, रक्त जास्त जात असेल, किंवा अर्धवट बाहेर येऊन अडलं असेल, तर डॉक्टर. म्हणून सशा-गिनीपिगचं काम करणारा पशुवैद्य आधीच शोधून ठेवा. अनेक दवाखान्यांत फक्त कुत्रा-मांजर बघतात. हे आम्हाला रात्री अकरा वाजता कळलं, तसं तुम्हाला कळायला नको. एकामागून एक पिल्लं भराभर आली की एखाद्याचा पडदा फाडायचा राहतो. तेवढ्यापुरता मात्र हात घालावा : नाकातोंडावरचा पडदा काढायचा, मऊ टॉवेलने चोळायचं आणि परत आईजवळ ठेवायचं.

चकलीला तीन झाली. तीही रविवारी दुपारी वरणभात चाललेला असताना.

आईला आचळं दोनच. तरी पिल्लं आळीपाळीने पितात, निभतं. पिल्लं आईची मऊ लेंडी खाताना दिसतील. खाऊ द्या, पोटातले उपयोगी जिवाणू त्यांना तिथूनच मिळतात. रोज वजन मात्र करा. पहिले एक-दोन दिवस काटा जरा खाली येतो, मग चढायला हवा. पाजती आई आणि वाढती पिल्लं यांना थोडा लसूणघास चालतो, कारण त्यात कॅल्शियम जास्त. एरवी मोठ्यांना तो रोज नको. जास्तीचं कॅल्शियम त्यांच्या लघवीवाटे जातं आणि पुढे मुतखडे होतात.

आता बटाट्याचं. मादी विल्यानंतर काही तासांतच पुन्हा माजावर येते. नर त्याच पिंजऱ्यात असेल तर पिल्लं कोरडी होण्याआधी पुढच्या खेपेची सोय झालेली असते. अंगावर पाजत असताना पोटात दुसरी पिल्लं म्हणजे मादी पार खंगते. म्हणून पोट दिसताक्षणी नर वेगळा, विण्याची वाट बघायची नाही. आणि नर पिल्लं तीन आठवड्यांची झाली की आई-बहिणींपासून वेगळी. नातीगोती त्यांना कळत नाहीत.

वंश वाढवायची हौस असणाऱ्यांसाठी एक इशारा. पांढऱ्यावर ठिपके असलेले डाल्मेशियन आणि पांढरे केस मिसळलेले रोन अशा दोन गिनीपिगांची जोडी लावू नये. त्यांच्या सरासरी चारात एक पिल्लू पूर्ण पांढरं, आंधळं, बहुधा बहिरं आणि दात बिघडलेलं जन्मतं. दिसायला सुंदर जोडी, पण निकाल वाईट.

आता त्या पेरूकडे. बहुतेक प्राणी 'क' जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. कुत्रा करतो, गाय करते, उंदीरही करतो. माणूस आणि गिनीपिग यांना जमत नाही, कारण त्यासाठी लागणारं शेवटचं एंझाइम दोघांकडेही नाही. १९०७ साली नॉर्वेत अ‍ॅक्सल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिक हे दोघे खलाशांच्या एका आजाराचा शोध घेत होते. त्यांनी गिनीपिगांना नुसतं धान्य घातलं आणि जनावरांना चक्क स्कर्व्ही, म्हणजे हिरड्यांतून रक्त येण्याचा आजार झाला. प्रयोगशाळेत स्कर्व्ही घडवता येतो हे तेव्हा कळलं, आणि त्यातूनच पुढे 'क' जीवनसत्त्वाचा माग लागला. हंगेरीच्या सेंट-ज्यॉर्जी यांनी ते लाल मिरचीतून भरपूर काढलं आणि १९३७ चं नोबेल मिळवलं. आपण "आमचा गिनीपिग केला" म्हणतो ना, तो केलेला गिनीपिग असा आपल्या हिरड्या वाचवून गेला.

हे 'क' दोन-तीन आठवडे मिळालं नाही तरी गिनीपिग आजारी पडतो. सांधे सुजतात, चालताना लंगडतो, हात लावला की ओरडतो, केस राठ होतात, हिरड्यांतून रक्त येतं. लोकांना वाटतं पाय मुरगळला. साध्या गिनीपिगला दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम पुरतं, गाभणीला किलोमागे ३० च्या आसपास तरी हवं. हिरव्या ढोबळी मिरचीत १०० ग्रॅमला ८० मिलिग्रॅमच्या आसपास 'क' असतं, म्हणजे रोज बोटभर दोन-तीन काप झाले की काम झालं. पेरूत १०० ग्रॅमला २०० हून जास्त. पण पेरू गोड, म्हणून छोटी फोड, तीही आठवड्यातून दोनदा. कोथिंबीर रोज चालते. पालक क्वचित. पाण्यात थेंब टाकायची बाटली दुकानात हमखास गळ्यात मारतात. पाण्यात 'क' लवकर नासतं आणि चव बदलली म्हणून जनावर पाणीच कमी पितं. पाकिटातल्या गोळीखाद्यातलं 'क'सुद्धा साधारण तीन महिन्यांत उतरतं. बनवल्याची तारीख बघून घ्या.

यापेक्षाही जीवघेणी चूक औषधाची. घरात लहान मूल असेल तर फ्रीजमध्ये अ‍ॅमॉक्सिसिलिनची अर्धी बाटली असतेच. गिनीपिग शिंकला की कुणीतरी ती काढतं. गिनीपिगचं गवताचं पचन मुख्यतः आतड्याला जोडलेल्या अंधांत्र नावाच्या मोठ्या पिशवीत चालतं, तिथे जिवाणू गवत कुजवून त्याचं अन्न करतात. पेनिसिलिन, अँपिसिलिन, अ‍ॅमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन ही औषधं तोंडावाटे दिली की हे चांगले जिवाणू मरतात आणि क्लॉस्ट्रिडियम जातीचे वाईट जिवाणू माजून विष सोडतात. जुलाब लागतात आणि काही दिवसांत मृत्यू. २५ मे १९४० रोजी ऑक्सफर्डला पेनिसिलिनची पहिली मोठी चाचणी झाली ती उंदरांवर. गिनीपिग पेनिसिलिनने मरतात हे १९४३ मध्ये छापून आलं. चाचणीला उंदरांऐवजी गिनीपिग घेतले असते तर पेनिसिलिनच विषारी म्हणून कपाटात गेलं असतं, असं अनेकांनी म्हटलंय.

शिंक मात्र हलक्यात घेऊ नका. बोर्डेटेला नावाचा जिवाणू कुत्रे आणि ससे काही न होता नाकात बाळगतात आणि गिनीपिगला त्याने न्यूमोनिया होतो. म्हणून ससा आणि गिनीपिग एका पिंजऱ्यात, ही दुकानांतली गोंडस जोडी वाईट. नाक वाहणं, डोळे चिकटणं, श्वासाला घरघर म्हणजे त्याच दिवशी दवाखाना. औषध डॉक्टर देतील, त्यांच्याकडे सुरक्षित पर्याय आहेत.

खाणं थांबलं की मग कारण काहीही असो, ती तातडी. गिनीपिगला उलटी येत नाही, आतडं सतत सरकतं राहावं लागतं. बारा तास पोट रिकामं राहिलं तर ते थांबायला लागतं. पुष्कळदा मूळ दातांत असतं. त्याचे वीसच्या वीस दात आयुष्यभर वाढतात आणि गवत चघळण्यानेच झिजतात. नुसत्या गोळ्या आणि काकडीवर ठेवलेल्या गिनीपिगच्या दाढा जिभेवर कमानीसारख्या वाढतात, लाळ गळते, हनुवटी ओली राहते. चुलीला लाकूड तसं याला गवत. आहारात त्याचाच वाटा सर्वांत मोठा, बाकी सगळं तोंडी लावणं. टिमोथी गवत महाग वाटलं तर स्वच्छ जागची, फवारणी न झालेली हरळी जोडीला घाला.

बाकीची दुखणी थोडक्यात. वेड्यासारखं खाजवणं आणि पाठीवर टक्कल म्हणजे खरजेचे किडे. खाज इतकी की झटका आल्यासारखं वाटतं. गोल चट्टा, नाकाजवळ खपली म्हणजे बहुधा गजकर्ण, आणि तो मुलांना लागतो, हात धुवा. दीड-दोन वर्षांपुढच्या मादीचे दोन्ही कुशींचे केस सारखे जात असतील तर अंडाशयातल्या गाठी तपासून घ्या. जाळीच्या तळाने पाय सुजून चिघळतात, तळ सपाट हवा. लघवीत रक्त किंवा करताना किंचाळणं म्हणजे खडा.

आमच्या घरची स्थिती अशी : तिघांपैकी दोन मुली, एक मुलगा. मुलगा एकविसाव्या दिवशी बटाट्याच्या पिंजऱ्यात गेला, दोघांची पहिल्या दिवशी कुरबुर झाली, मग गवताच्या ढिगात शेजारी शेजारी झोपले. बटाट्याचं नसबंदीचं ऑपरेशन गेल्या शनिवारी झालं. लेक म्हणाली, आता सोडूया चकलीकडे. डॉक्टर म्हणाले, नाही, ऑपरेशन झालं तरी आधीचे शुक्रजंतू काही आठवडे टिकून असतात. फ्रीजवरच्या दिनदर्शिकेवर सहा आठवड्यांपुढच्या रविवारी आम्ही बटाट्याचं चित्र काढून ठेवलंय, आणि तोवर दोन पिंजऱ्यांमधे एक पाट उभा केलाय.